जांघेतला अंतर्गळ : चीर देऊन की दुर्बिणीतून?

आमच्या नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाकडे आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे स्टेशनच दोन राज्यांत विभागलेले आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की हौसेने त्या बाकड्यावर बसून फोटो काढून घेतात. आम्हाला त्याचे फारसे कौतुक उरलेले नाही, कारण आमचा संसारच तसा अर्धा इकडे, अर्धा तिकडे आहे. सोयरीक या बाजूची, बाजारहाट त्या बाजूचा. आजारपणातही तेच. कोणी नंदुरबार-धुळ्याची वाट धरतो, कोणी व्यारा-सुरतेची.

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात हा प्रश्न चाचांच्या निमित्ताने उभा राहिला. चाचांचे वय पंचावन्नच्या पुढे. पोल्ट्रीवर खाद्याची पोती उतरवून घ्यायची, मोजून लावायची, हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम. जांघेत उजव्या बाजूला फुगवटा येऊन चार वर्षे झाली होती. उभे राहिले, खोकले की तो बाहेर यायचा, आडवे झाले की आत जायचा. या चार वर्षांत त्यांनी कोणालाही सांगितले नाही, चाचींनाही नाही. लुंगीआड सगळे झाकले जात होते. कळले ते कसे, तर आमचे मोठे भाऊ मशिदीत त्यांच्या शेजारी उभे होते. रुकूत जाताना चाचा दर वेळी एक हात जांघेवर दाबून धरतात, हे त्यांच्या लक्षात आले. घरी येऊन खोदून विचारले तेव्हा चाचा म्हणाले, "काही नाही रे, हवेची गाठ आहे."

ती हवेची गाठ नव्हती. मराठीत जिला अंतर्गळ म्हणतात आणि डॉक्टर हर्निया म्हणतात, ती ती होती. इकडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की ऑपरेशन करून घ्या, चीर देऊन जाळी बसवू, कमरेतून भूल, दुसऱ्या दिवशी घरी. मुलांचे समाधान झाले नाही. ते चाचांना तिकडच्या मोठ्या शहरात घेऊन गेले. तिथे सांगण्यात आले की आता उघडे ऑपरेशन कोण करतो, दुर्बिणीतून करू, तीन बारीक भोके पडतील. खर्चाचा आकडा ऐकून चाचा गप्प झाले. धाकट्या बहिणीच्या निकाहसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला मोठा वाटा त्यात जाणार होता. मुलांचा आग्रह एकच होता, "अब्बांच्या जिवासाठी स्वस्तातले नको." चाचांचाही हट्ट एकच, "मग ऑपरेशनच नको."

तेव्हा आम्ही ठरवले की आधी नीट समजून घेऊ. ओळखीच्या सर्जनांना भेटलो, त्यांनी दाखवलेली माहिती वाचली, ज्यांची ऑपरेशने झाली होती त्यांच्या घरी जाऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे देत आहोत. पुरुषांमध्ये हा आजार इतका सर्रास आहे की जगभरच्या हिशेबाने चारांतल्या एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा अंतर्गळ होतो. म्हणजे वाचकांपैकी बहुतेकांच्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

आत नेमके काय होते

पोटाची भिंत स्नायूंच्या थरांची असते. जांघेत या भिंतीत जन्मापासूनच एक अरुंद वाट असते. मुलगा आईच्या पोटात असताना अंडकोश याच वाटेने खाली उतरतात. पुढे ही जागा कमकुवत राहिली किंवा वयाबरोबर सैल पडली, की आतला चरबीचा भाग किंवा आतड्याचा वेढा तिथून बाहेर डोकावतो. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला जोर करावा लागणे, विडी-सिगारेट यांनी भर पडते. पोती उचलल्यानेच अंतर्गळ होतो, असे आपल्याकडे ठामपणे म्हणतात. डॉक्टर मात्र इतके ठामपणे म्हणत नाहीत. मुळात भिंत कमजोर असावी लागते, ओझे तिला फक्त उघडे पाडते.

औषधाने, मालिशने, लेपाने ही भिंत पुन्हा जुळत नाही. कमरेला बांधायचा पट्टा फुगवटा दाबून ठेवतो, बरा करत नाही. चाचांनी दोन वर्षे कोणाकडून तरी आणलेले तेल चोळले होते, हे नंतर कळले. उपाय एकच, भिंतीला ठिगळ लावणे. वाद आहे तो ठिगळ बाहेरून लावायचे की आतून, एवढ्यापुरता.

ही गोष्ट आम्हाला सर्वांत चांगली कळली ती हायवेवरच्या टायरच्या दुकानात. आमचे गाव सुरत-धुळे महामार्गावर असल्याने अशा दुकानांना इथे तोटा नाही, आणि ती चालवणारे बहुतेक आपल्यापैकीच. टायरला कट पडला की त्यातून आतली ट्यूब फुगून बाहेर येऊ लागते. मिस्त्री काय करतो? टायरच्या आतून गेटर लावतो. हवा भरली की तिच्याच दाबाने गेटर कटावर घट्ट बसते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जाळी अशीच आतून, स्नायूंच्या मागे पसरतात. पोटाचा दाबच तिला जागेवर धरून ठेवतो. उघड्या ऑपरेशनमध्ये जांघेवर बोटभर लांबीची चीर देतात, बाहेर आलेला भाग आत ढकलतात आणि जाळी स्नायूंच्या पुढच्या बाजूने शिवतात. टायरच्या मिस्त्रीला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग आतूनच लावा ना." त्याचे चूक नव्हते. पण माणसाच्या आत शिरायला टायरसारखा रिम काढून ठेवता येत नाही.

आत शिरण्यासाठी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करावी लागते. त्यासाठी बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. बेंबीजवळ सेंटीमीटरभर आणि खाली आणखी दोन बारीक छेद देऊन त्यांतून कॅमेरा आणि अवजारे घालतात, आणि सर्जन पडद्यावर पाहून काम करतो. जिथे काम चालते तिथून मोठ्या रक्तवाहिन्या, मूत्राशय आणि आतडी बोटाच्या अंतरावर असतात. उघडे ऑपरेशन मात्र कमरेतल्या भुलीवर, एवढेच काय, त्या जागेपुरते इंजेक्शन देऊनही होते. दमेकरी, हृदयरोगी, फार म्हातारा माणूस असेल तर हा फरक लहान नाही.

जाळी कशाची असते

हा प्रश्न आमच्या घरातल्या बायकांनी विचारला, आणि तो विचारायला हवाच होता. नेहमीची जाळी पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या धाग्याची असते. खाद्याची विणलेली पोती ज्या प्लास्टिकची असतात, तेच हे प्लास्टिक, फक्त शुद्ध आणि निर्जंतुक केलेले. चाचांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आयुष्यभर पोती उचलली, आता पोतंच पोटात." काही गुंतागुंतीच्या, जखम दूषित असलेल्या केसेसमध्ये प्राण्यांच्या कातडीपासून केलेल्या जाळ्या वापरतात आणि त्यांत डुकराच्या कातडीच्याही असतात. त्या फार महाग असतात आणि जांघेच्या साध्या अंतर्गळाला लागत नाहीत. तरी मनात शंका असेल तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

जाळी आली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. अंतर्गळ हा काही नवा आजार नाही. अरबीत त्याला फत्क म्हणतात. कुर्तुब्याचे अबुल कासिम अल्-जहरावी सुमारे १०१३ साली वारले. त्यांच्या 'किताब अल्-तसरीफ'चा तिसावा भाग सगळा शस्त्रक्रियेचा आहे, अवजारांच्या आकृत्यांसह, आणि त्यात अंतर्गळावरचे उपचारही आहेत. त्या काळी डाग देणे हा मुख्य मार्ग होता. तिथून पुढे इटलीच्या पादुआत एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८०च्या दशकात स्नायू एकमेकांना नीट शिवण्याची पद्धत घालून दिली आणि शंभर वर्षे जगभर तीच चालली. तिची अडचण एक होती. फाटलेल्या कापडाच्या दोन्ही कडा ओढून शिवल्या की ताण येतो, आणि ताण आला की टाका कधी ना कधी तुटतो. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये आयर्विंग लिच्टेनस्टाइन यांनी ओढून शिवण्याऐवजी मध्ये जाळीचे ठिगळ लावायला सुरुवात केली आणि १९८९ साली आपला अनुभव छापला. आज उघडे ऑपरेशन म्हणतात ते बहुधा हेच.

त्याच सुमारास दुर्बीणही आली. आपल्याकडे तिची सुरुवात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी केली. १९७०च्या दशकात ते तपासणीसाठी दुर्बीण वापरत होते, आणि १९९० साली त्यांनी भारतातले दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन केले. पित्ताशयाच्या बाबतीत दुर्बिणीने उघड्या ऑपरेशनला जवळपास हद्दपार केले. अंतर्गळाच्या बाबतीत तसे झाले नाही. "आता उघडे कोण करतो" हे वाक्य पित्ताशयाला लागू पडते, जांघेच्या अंतर्गळाला नाही. चाचांच्या मुलांना हाच फरक कोणी सांगितला नव्हता.

दोंडाईचाची मच्छरदाणी

आमच्याच रेल्वेलाइनीवर नंदुरबारच्या पुढे दोंडाईचा लागते. तिथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर या सर्जनांनी जे केले ते आमच्या भागातल्या किती लोकांना ठाऊक आहे, कोण जाणे. आम्हाला तरी ठाऊक नव्हते. १९९०च्या दशकात जाळीचे ऑपरेशन चांगले, हे सगळ्या सर्जनांना पटले होते, पण परदेशी जाळीची किंमत शेतमजुराला परवडणारी नव्हती. परिणामी गरिबाला जुने, ताण देऊन शिवलेले ऑपरेशन आणि पैसेवाल्याला जाळी, अशी वाटणी झाली होती. टोणगावकरांनी बाजारात मिळणाऱ्या मच्छरदाणीचे कापड घेतले, त्याचे तुकडे केले, ते निर्जंतुक केले आणि जाळी म्हणून वापरले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सर्जनांनी मिळून अशा साडेतीनशेच्या आसपास अंतर्गळांचा अनुभव २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त मांडला. निकाल महाग जाळीसारखेच होते.

साहजिकच अनेकांनी नाके मुरडली. मच्छरदाणी कोणी पोटात शिवते का? पण ही कल्पना आफ्रिकेत गेली, घानात वापरली गेली. मग युगांडात स्वीडनच्या आणि तिथल्या सर्जनांनी रीतसर चाचणी घेतली. ३०२ पुरुषांत निम्म्यांना महाग जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची. कोणाला कोणती बसवली हे रुग्णाला माहीत नव्हते. एका वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा अंतर्गळ परत आला होता, महाग जाळीच्या गटात कोणाचाच नाही. दुखण्यात, गुंतागुंतीत दखल घेण्यासारखा फरक निघाला नाही. हे जानेवारी २०१६मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले. डॉक्टरांच्या जगात त्याहून मोठे नियतकालिक शोधावे लागेल.

आज कोणी बाजारातून मच्छरदाणी आणून डॉक्टरांपुढे धरावी, असे सांगायचे नाही. देशी बनावटीच्या, तपासलेल्या जाळ्या आता पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. पण "अब्बांच्या जिवासाठी स्वस्तातले नको" हे वाक्य आमच्या घरात मोडले ते दोंडाईचाच्या या हकिकतीने. चाचांच्या थोरल्या मुलाने ती दोनदा ऐकली, आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर नातेवाइकांकडे उसने मागण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मग दुर्बीण उगीच का?

मुळीच नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सुरुवातीच्या दिवसांत दुखणे कमी असते, माणूस थोडा लवकर हिंडू-फिरू लागतो. जांघेत बधिरपणा किंवा महिनोन्महिने राहणारी सल कमी जणांना होते. उघड्या ऑपरेशनमध्ये जांघेतल्या बारीक नसा वाटेत येतात, म्हणून हा त्रास तिथे जास्त दिसतो. दोन्ही पद्धती मिळून पाहिले तर दहांतल्या एकाला दखल घ्यावी इतपत दुखणे राहते. हा आकडा ऑपरेशनपूर्वी डॉक्टर क्वचितच सांगतात. सांगायला हवा.

दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांत सुमारे दोन हजार पुरुषांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. तिचा अहवाल २००४ साली आला. दोन वर्षांत दुर्बिणीच्या गटात १० टक्के जणांचा अंतर्गळ परत आला, उघड्या गटात ५ टक्क्यांच्या आत. नेहमीच्या कामाला दुर्बीणवाले एकच दिवस आधी लागले. पण त्याच अहवालात एक ओळ आहे, आणि आमच्या मते सगळा विषय त्या ओळीत आहे. ज्या सर्जनांनी आधी अडीचशेहून जास्त दुर्बिणीची ऑपरेशने केली होती, त्यांचे रुग्ण उघड्या ऑपरेशनइतकेच चांगले राहिले. म्हणजे फरक दुर्बिणीचा कमी आणि हाताचा जास्त होता. त्यानंतर तंत्र सुधारले, जाळी मोठी वापरू लागले, सर्जनही सरावले. २०१८ साली जगभरच्या हर्निया सर्जनांनी मिळून जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांनी दोन्ही पद्धती मान्य केल्या आणि दुर्बिणीपुढे अट घातली ती अनुभवी हाताची. हा हात बसायला पन्नास ते शंभर ऑपरेशने लागतात, असेही त्यांत आहे.

म्हणून आम्ही आता ओळखीच्या माणसाला असे सांगतो. अंतर्गळ एका बाजूला आहे, पहिलाच आहे, आणि जवळचा सर्जन उघडे ऑपरेशन वर्षानुवर्षे करत आला आहे, तर तेच करा. कमीपणा वाटून घेऊ नका. दोन्ही बाजूंना असेल, तर त्याच तीन भोकांतून दोन्हीकडे जाळी बसते. तिथे दुर्बिणीसाठी सुरतेपर्यंत जाणे सार्थकी लागते. पूर्वी चीर देऊन केलेले ऑपरेशन फसून अंतर्गळ परत आला असेल, तर जुन्या टाक्यांच्या वाटेने पुन्हा जाण्यापेक्षा मागच्या बाजूने जाणे चांगले. त्यालाही दुर्बीणच बरी. याउलट प्रोस्टेटचे किंवा खालच्या पोटाचे मोठे ऑपरेशन झालेले असेल, छाती कमजोर असेल, तर उघडे.

आमच्या मामूंची गोष्ट यावर आठवते. त्यांना दोन्हीकडे अंतर्गळ होता आणि त्यांनी सहा महिन्यांच्या अंतराने दोन उघडी ऑपरेशने करून घेतली. दोन वेळा भूल, दोन वेळा घरी बसणे. कोणी वेळीच सांगितले असते तर एकदाच भागले असते. स्वस्ताचा आग्रहही आंधळा असू शकतो.

बायका आणि मुले

बायकांना जांघेचा अंतर्गळ कमी होतो, पण झाला तर त्यात मांडीच्या मुळाशी होणारा एक प्रकार असतो. तो लहान दिसतो आणि अडकण्याचा धोका मोठा असतो. म्हणून बाईच्या जांघेतल्या गाठीत "बघू पुढे" हे धोरण चालत नाही. तिथे दुर्बिणीचा फायदा असा की आतून पाहताना दोन्ही जागा एकदम दिसतात. बाळंतपणांनंतर बेंबीला येणारा फुगवटा, सिझेरियनच्या किंवा इतर ऑपरेशनच्या व्रणातून येणारा फुगवटा, हेही अंतर्गळच. आमच्या एका खालांनी दहा वर्षे ओढणीआड तो सांभाळला, कारण डॉक्टर पुरुष होता. आता जिल्ह्याच्या ठिकाणी लेडी डॉक्टर मिळतात. निदान पहिली तपासणी तिच्याकडून करून घेता येते.

तान्ह्या बाळाची बेंबी फुगलेली असेल तर घाबरू नये. बहुतेक मुलांची ती चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बसते. तिच्यावर नाणे ठेवून पट्टी बांधण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तिने फायदा होत नाही, उलट कातडी खराब होते. मात्र बाळाच्या जांघेत किंवा अंडकोशात रडताना फुगवटा येत असेल तर तो थांबत नाही. तिथे लवकर ऑपरेशन करावे लागते, कारण लहान मुलात तो अडकण्याची भीती जास्त. पुष्कळदा हे खतन्याच्या वेळी लक्षात येते. मुलाला जाळी लागत नाही, आतली पिशवी बांधून टाकली की झाले.

थांबता येते का, आणि कधी नाही

काही त्रास नसलेल्या पुरुषाला डॉक्टर थांबायला सांगू शकतात. अमेरिकेत २००६ साली अशा पुरुषांचा अभ्यास छापून आला. त्यांच्यात अंतर्गळ अचानक अडकण्याचे प्रमाण वर्षाला हजारात दोघांपेक्षाही कमी निघाले. पण दहा वर्षांत दोन तृतीयांश लोकांनी दुखू लागल्याने शेवटी ऑपरेशन करूनच घेतले. शिवाय तो हिशेब मोठ्या शहरातल्या माणसांचा. रात्री दोन वाजता सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही जागेवर मिळतील, अशी खात्री नवापूर, धडगाव, अक्कलकुव्याकडच्या माणसाला देता येत नाही. आमचे मत असे की ज्याला त्रास आहे, त्याने आपल्या सोयीने, दिवसाढवळ्या करून घ्यावे.

फुगवटा आत जायचा बंद झाला, कडक झाला, दुखू लागला, उलट्या होऊ लागल्या, वारा सरेना, वरची कातडी लाल-काळी दिसू लागली, तर आतड्याचा वेढा अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत असतो. जोर लावून आत ढकलू नये, मालिश करू नये, काही खाऊ-पिऊ घालू नये. सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करून दवाखाना गाठावा. त्या वेळी चीर की दुर्बीण हा वाद घालायचा नसतो. समोरचा सर्जन जे सुरक्षित समजेल ते करू द्यावे.

खर्च, नमाज आणि बाकीचे

दुर्बीण महाग का पडते? यंत्रे महाग, पूर्ण भूल, थिएटरचा वेळ जास्त, कधी जाळी बसवायच्या खास पिना. उघडे ऑपरेशन सरकारी रुग्णालयांत होते. नंदुरबारला २०२०पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याचे त्याहून कितीतरी जुने. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यांची चौकशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे करावी. काही साधी ऑपरेशने योजनेतून फक्त सरकारी दवाखान्यात होतात, खासगीत नाही. हे आधी विचारले नाही तर दाखल झाल्यावर धावपळ होते. आणि पैसे स्वतःचे द्यायचे असतील तर आकडा जाळी, भूल, औषधे, खोली धरून सगळा मिळून विचारावा.

सर्जनला विचारायचा खरा प्रश्न मात्र दुसराच. "डॉक्टरसाहेब, हे ऑपरेशन आपण कितींदा केले आहे?" आम्ही हा प्रश्न घाबरत घाबरत विचारला होता. चांगल्या सर्जनला राग येत नाही. इकडच्या डॉक्टरांनी आपली उघडी ऑपरेशने अनेक शेकड्यांत सांगितली आणि दुर्बिणीबद्दल म्हणाले, "ते मी करत नाही, हवे असेल तर कोणाकडे जायचे ते सांगतो." या उत्तरानेच निम्मा निर्णय झाला.

ऑपरेशनच्या आधी खोकला बरा करून घ्यावा, विडी बंद करावी, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर सांगावे. तारीख घेताना रमजानकडे लक्ष द्यावे. ठरवून करायचे ऑपरेशन महिनाभर अलीकडे-पलीकडे करता येते. नंतरच्या दिवसांत नमाज बसून, इशाऱ्याने अदा करण्याची सवलत आजाऱ्याला आहेच. सजदा कधीपासून, हे पोट सांगते. ताण जाणवेनासा झाला की डॉक्टरांना विचारून सुरू करावा. जखमेवर पाणी चालणार नसेल तर पट्टीवर मसह करता येतो. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून इसबगोल आणि भरपूर पाणी. हलके चालणे-फिरणे पहिल्या दिवसापासून. पोती उचलणे कधी, याबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. चाचांना दीड महिना थांबायला सांगितले होते.

चाचांचे ऑपरेशन इकडेच झाले, चीर देऊन, कमरेतल्या भुलीवर. तासाभरात बाहेर आणले. पहिले चार दिवस चांगलेच दुखले आणि अंडकोशावर काळेनिळे पडले, ते पाहून चाची रडल्या. दोन आठवड्यांत ते उतरले. चिरेच्या खाली हाताच्या तळव्याएवढी जागा अजून बधिर आहे. कपडा लागला की वेगळेच वाटते, असे ते सांगतात. त्यांनी पोती उचलणे सोडले आहे, पोल्ट्रीवर आता ते फक्त मोजून घेतात. बहिणीचा निकाह ठरल्या तारखेला झाला.

त्याच निकाहच्या गर्दीत आमचे एक फुफा चाचांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारत होते, "तुझं ते कुठं केलंस?" त्यांना दोन्ही बाजूंना आहे. त्यांना आम्ही सुरतेचा पत्ता दिला.